चारशे वजा

२ फेब्रुवारी

मामा,

पार्सल मिळालं. जे झालं ते क्रमाने लिहिते.

१. पार्सल सोमवारी प्रयोगशाळेच्या पत्त्यावर आलं. आत तीन नवे नमुने होते: (अ) मुठीतच वजनकाटा बसवलेली स्टीलची पकड, (ब) काटा नसलेली, रुंद तोंडाची प्लास्टिकची पकड, (क) बॅटरीवर चालणारा, आकडे दाखवणारा टांगायचा काटा.

२. सोबत तुमच्या मासेमारी क्लबचा जुना गोल तबकडीचा ताणकाटा, त्याची लोखंडी पकड (वेगळ्या कागदात गुंडाळलेली) आणि नोंदवहीच्या काही पानांच्या झेरॉक्स होत्या.

३. तुझी चिठ्ठी अशी: "गळाला लागलेला मासा धरायला आणि तोलायला यातलं काय घ्यावं ते तू सांग. वजनमापं तपासणं हे तुझं पोटापाण्याचं काम, माझा तर्क चालायचा नाही. जुना काटा म्हातारा झालाय. वार्षिक सभा ५ मार्चला."

४. मी जुना काटा आधी तपासला. तुलना ज्याच्याशी करायची ते आधी माहीत हवं.

५. रिकामा टांगला तेव्हा त्याचा काटा शून्यावर नव्हता. शून्याच्या ४०० ग्रॅम अलीकडे होता.

६. लोखंडी पकड अडकवल्यावर तो बरोबर शून्यावर आला. पकडीचं वजन वेगळं करून पाहिलं. ४०० ग्रॅम.

७. पकडीसकट प्रमाणित वजनं टांगली. पाच किलोला पाच, दहाला दहा, पंधरापर्यंत एका रेघेचाही फरक नाही. तुमचा काटा म्हातारा झालेला नाही.

८. नोंदवहीत मात्र प्रत्येक माशापुढे "पकड: ४०० वजा" असं लिहिलेलं आहे.

९. म्हणजे पकडीचं वजन एकदा स्क्रूने वजा झालेलं आहे आणि एकदा तुम्ही पेन्सिलीने करता. नोंदलेला मासा खऱ्यापेक्षा ४०० ग्रॅमने हलका आहे.

काट्याच्या पाठीमागे शून्य जुळवायचा स्क्रू असतो. त्यावर मरून रंगाचा वाळलेला ठिपका आहे. नेलपॉलिश असावं. जुळवलेला स्क्रू हलू नये म्हणून असा ठिपका देतात. तो अखंड आहे, त्यामुळे दिल्यापासून स्क्रूला कोणी हात लावलेला नाही.

हे केव्हापासून चाललंय ते नोंदवहीत दिसेल. एका ठरावीक दिवसानंतर सगळे मासे एकदम रोडावलेले असतील. तो दिवस शोध. नव्या नमुन्यांचं पुढच्या पत्रात लिहिते.

१० तारखेपर्यंत उत्तर दे.

तुझी भाची

---

७ फेब्रुवारी

चि. इंचपट्टी हिला मामाचा आणि दुकानातल्या सगळ्या पंक्चर सायकलींचा आशीर्वाद.

अगं, तू पत्र लिहितेस की पंचनामा? "मामा कसा आहेस" एवढं तरी दहावं कलम टाकायचं. बरा आहे. मामी बरी आहे, हॉस्पिटलात तिची सकाळची ड्यूटी लागलीय, त्यामुळे चहा मी करतो आणि तो प्यावा लागतो म्हणून ती तेवढी बरी नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग नोंदवही घेऊन दुकानाच्या पायरीवर बसलो. दोन गिऱ्हाइकं ताटकळली. सापडला दिवस. तेरा वर्षांपूर्वीचा मे महिना. त्याआधी पाच-पाच, सहा-सहा किलोचे मासे सर्रास. त्यानंतर बघावं तर सगळ्यांना जणू कावीळ झालेली.

आणि आम्ही काय केलं माहितीये? सभा घेतली. पोस्टमन म्हणाला, तलाव थकलाय, त्याला विश्रांती हवी. म्हणून बुधवारी गळ टाकायला बंदी केली. तेरा वर्षं आम्ही एकोणीस शहाणे दर बुधवारी काठावर हात बांधून बसतोय, मासे जाड व्हावेत म्हणून.

पण ते राहू दे. तुला माझा मोठा मासा आठवतो? २१ मे. तू सुट्टीला आली होतीस, अकरा वर्षांची, धक्क्याच्या वरच्या पायरीवर वही घेऊन उभी. क्लबच्या विक्रमांच्या फळ्यावर सगळ्यात वर शिंप्याचा एप्रिलमधला मासा होता, ९.६५. अजूनही तोच आहे. माझा मासा टांगला, काटा ९.८० वर जाऊन थांबला. मी विचारलं, "इंचपट्टी, नऊ ऐंशीतून चारशे गेले, किती?" आणि तू पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशी ओरडलीस, "नऊ चाळीस." टाळ्या तुला पडल्या, माशाला नाही. मग नियमाप्रमाणे मासा पाण्यात सोडला आणि अडीचशे ग्रॅमने हरलेला मी घरी आलो. त्यानंतर स्पर्धेत गळ टाकला नाही, वजन करायचं काम अंगावर घेतलं. वाटलं, जिंकता येत नाही तर निदान तोलावं.

आता तुझ्या कलमांप्रमाणे हिशोब कर. माझा मासा ९.८० होता. मी हरलोच नव्हतो.

मग मी विचार केला, त्या मे महिन्यात काटा कोणाच्या ताब्यात होता? कपाटाची चावी कोणाकडे? शिंप्याकडे. पहिला नंबर कोणाचा टिकला? शिंप्याचा. रंगीत बाटल्या, खडू, खुणा करायची सवय कोणाला? मी नाव घेत नाही.

सभेत मी उभा राहणार आहे. तू सहा वर्षांत इकडे फिरकली नाहीस, निदान तेव्हा तरी ये. साक्षीदार म्हणून.

मामा

---

११ फेब्रुवारी

मामा,

कसा आहेस. (दहावं कलम.)

नमुन्यांची तपासणी पूर्ण झाली. बाजारातून तीन किलोचा एक मासा आणून त्यावर केली. साहेबांनी खोलीच्या दारातूनच विचारलं, "हे प्रमाणित आहे का?" मी म्हटलं, "ताजं आहे." त्यानंतर कोणी आत आलं नाही.

(अ) स्टीलची पकड. धरते घट्ट. पण जबड्याचा पत्रा अरुंद आहे. मासा टांगून अर्धा फेरा पिळला तर हनुवटीखालची कातडी फाटली. जिवंत मासा एवढा तरी वळवळणार. मुठीतला काटा सात किलोला ६.८ दाखवतो. हे घेऊ नका.

(ब) प्लास्टिकची पकड. तोंड रुंद, आतून रबर. फक्त वळ उठला, कातडी फाटली नाही. हातातून सुटली तर पाण्यावर तरंगते. ही घ्या. पण फक्त धरायला. मोठा मासा जबड्याने लोंबकळत तोलू नये, त्याचं सगळं अंग आपल्याच वजनाने ताणलं जातं. सोडल्यावर तो पोहत गेलेला दिसतो, म्हणजे ठीक आहे असं नाही.

(क) आकड्यांचा काटा. वजन अचूक. बादलीत एक मिनिट बुडवला तर काचेआड धुकं धरलं. शिवाय त्याला शून्य करायचं बटण आहे. जी चूक स्क्रूने झाली तीच बटणाने जास्त सोपी होईल. नको.

शिफारस: धरायला (ब), तोलायला जुना ताणकाटा, आणि मासा आडवा ठेवायला जाळीच्या कापडाची झोळी. लांबी १०० सेंमी, रुंदी ५० सेंमी, दोन्ही कडांना दांडी जाईल अशी दुहेरी शिवण. पाणी निथळलं पाहिजे. टाके आतून नकोत, खवले निघतात. कोणाकडून तरी शिवून घे. ओल्या झोळीचं वजन आधी घ्यायचं, लिहायचं, मग मासा, मग वजाबाकी. वजाबाकी डोक्यात नको, कागदावर.

दुसरी गोष्ट. स्क्रू फिरलेला आहे एवढंच काट्यावरून कळतं. कोणी फिरवला ते कळत नाही. ठिपक्यावरून माणसाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. सभेच्या आधी कोणाला काही बोलू नकोस.

सुट्टीचं बघते. खात्री नाही.

१७ तारखेपर्यंत उत्तर दे.

तुझी भाची

---

१५ फेब्रुवारी, बुधवार, म्हणजे गळ बंद

चि. इंचपट्टीस,

तू म्हणालीस कोणाला बोलू नकोस, म्हणून मी बोललो नाही. नुसता बघायला गेलो.

झोळी शिवून घे म्हणालीस. या गावात दांडीसाठी दुहेरी शिवण घालणारा माणूस एकच आहे. आता मी काय करू? कापड काखोटीला मारलं आणि शिंप्याच्या दुकानात शिरलो. डोळे सगळीकडे. मरून दोऱ्याची रिळं तीन. मरून बटणं डबाभर. भिंतीवर मरून पडदा. मी म्हटलं, "मरून फार आवडतो वाटतं." तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "शाळेचा गणवेश मरून आहे. तुला शिवू का एक? चड्डी तुला शोभेल."

माझा रागाचा पारा चढलेला, पण हसू आलं. हीच तर पंचाईत आहे या माणसाची.

झोळीची मापं वाचून तो म्हणाला, "हे कोणी लिहिलं? टाके आतून नकोत, खवले निघतात. तीस वर्षांत माझ्या एका गिऱ्हाइकाला खवले असतील असं वाटलं नव्हतं." मी म्हटलं, भाचीने. तर शिलाई घेणार नाही म्हणाला. "ती पायरीवर उभी राहून ओरडायची ती ना? ती नाही आली बरेच दिवसांत. तिला सांग, मासे विचारतात."

बघ, माणूस असा गोड बोलतो आणि तेरा वर्षं छातीवर बिल्ला लावल्यासारखा त्या फळ्याखाली बसून चहा पितो. आठ दिवस झाले, मी त्याच्या शेजारी बसलेलो नाही. तो विचारतो, "पाठ दुखते का?" मी म्हणतो, "हो."

सभेत बोलायचे मुद्दे मी काढलेत. तुझ्यासारखेच, एक-दोन-तीन. शेवटचा मुद्दा: ज्याने केलं त्याने उभं राहून सांगावं.

ता. क. मामीने तुझं पहिलं पत्र आज सवडीने वाचलं. विचारते, मरून म्हणजे नक्की कसा मरून? विटकरीकडे झुकणारा की जांभळाकडे? बायकांना काय महत्त्वाचं वाटेल सांगता येत नाही.

मामा

---

२६ फेब्रुवारी

मामा,

उत्तराला अकरा दिवस लागले. काम होतं, पण उशिराचं कारण ते नाही. जे झालं ते क्रमाने लिहिते.

१. तेरा वर्षांपूर्वी, १९ मे रोजी, दुपारी तुम्ही सगळे जेवायला गेला होता. काट्याचं कपाट उघडं होतं. शिंपीकाका कुलूप लावायला विसरले होते, एवढाच त्यांचा संबंध.

२. काटा नेहमीसारखा खुंटीला टांगलेला होता, लोखंडी पकड अडकवलेलीच होती. तो ४०० दाखवत होता. मासा नसताना.

३. मला वाटलं तो बिघडलाय. तू मला दुकानात शिकवलं होतंस की कुठलंही मोजायचं यंत्र आधी शून्यावर आहे का ते बघायचं. मी स्क्रू फिरवून तो शून्यावर आणला.

४. तुझ्या दुकानात जुळवलेल्या स्क्रूवर रंगाचा ठिपका देतात हे मी पाहिलं होतं. रंग नव्हता, म्हणून मामीचं नेलपॉलिश आणलं. ठिपका देऊन बाटली परत ठेवली. झाकण नीट लागलं नाही. ती वाळली. मामीने मांजरीला बोल लावला, मी गप्प राहिले.

५. भिंतीवर "पकड: ४०० वजा" लिहिलेलं होतं ते मी रोज वाचत होते. ते आणि स्क्रू यांचा एकमेकांशी संबंध आहे हे मला कळलं नाही.

६. दोन दिवसांनी तुझा मासा आला. वजाबाकी मीच केली. मोठ्याने.

७. सहा वर्षांपूर्वी, प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात, भांड्याचं वजन कसं वजा करतात ते आम्हाला शिकवलं. वर्गात बसल्या बसल्या मी वहीच्या कडेला ९.८० लिहिलं. तेव्हापासून मला माहीत आहे.

८. त्या वर्षापासून मी सुट्टीत आले नाही. दर वेळी कारण दिलं. ती कारणं खरी होती, पण त्यांच्यामुळे मी थांबले नव्हते.

पहिल्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नाही. अर्धं लिहिलं. माझ्या कामात त्याला चुकीचा अहवाल म्हणतात. मला वाटलं होतं की दुरुस्ती होईल आणि कोणी केलं हा प्रश्न निघणार नाही. तो निघाला आणि तू शिंपीकाकांपाशी जाऊन थांबलास. ते फुकट झोळी शिवत होते आणि तू पाठ दुखते म्हणून सांगत होतास. ते वाचल्यावर मी दुसऱ्या दिवशीच लिहायला हवं होतं. बसले होते. कागद चार गेले.

आज रविवार, म्हणून आईकडे जाऊन माझी पाचवीची वही शोधली. पान सोबत जोडलं आहे. त्यावर लिहिलंय: "१९ मे. मामाच्या क्लबचा काटा चुकीचा होता. मी बरोबर केला. कोणाला सांगितले नाही, कारण काम चोख असेल तर सांगावे लागत नाही."

तारखेचा पुरावा तेवढाच आहे, पण पुरेसा आहे. शिंपीकाकांचा मासा एप्रिलमधला, स्क्रूच्या आधीचा, त्यांचे ९.६५ बरोबर आहेत. तुझा नंतरचा. तो ९.८०. फरक १५० ग्रॅमचा. काट्यावर एक रेघ ५० ग्रॅमची, म्हणजे तीन रेघा. वाचण्यातल्या चुकीने एवढा फरक पडत नाही. तू जिंकला होतास.

सभेत तुझा शेवटचा मुद्दा आला की हे पत्र वाचून दाखव. सगळं.

३ तारखेपर्यंत उत्तर दे.

तुझी भाची

---

१ मार्च (पोस्टकार्ड)

पत्र पोचलं. सभेनंतर सविस्तर लिहितो. तोवर जेवत जा. मांजरीची माफी मागून झाली.

मामा

---

६ मार्च

चि. इंचपट्टी,

आधी एक कबुली माझीही. १५ तारखेचं पत्र पेटीत टाकून मी घरी आलो, तर मामी कपाट उपसून बसलेली. म्हणाली, "त्या वर्षी माझी बाटली वाळली होती. जांभळाकडे झुकणारा मरून. ड्यूटीवर नखं रंगवायला मनाई, म्हणून सुट्टीसाठी जपून ठेवलेली, दोनच बोटं रंगवली होती. आणि मांजर झाकण कसं उघडेल?" मी तुझं पहिलं पत्र पुन्हा काढलं. मग मामी म्हणाली, "तिला विचारू नकोस. ती सांगेल." मी म्हटलं, आणि नाही सांगितलं तर? म्हणाली, "सांगेल. फक्त क्रमांक घालून सांगेल."

तेव्हा अकरा दिवस मीही थांबलो. दुसऱ्याच दिवशी शिंप्याशेजारी जाऊन बसलो. म्हणाला, "पाठ बरी झाली?" मी म्हटलं, "झाली." त्याच्या चहात साखर फार असते. रोज पितोय. तीच माझी शिक्षा समज.

आता सभा. तुझं पहिलं आणि २६ तारखेचं, दोन्ही पत्रं मी वाचून दाखवली, वहीचं पानही. "काम चोख असेल तर सांगावे लागत नाही" या वाक्याला पोस्टमन इतका हसला की त्याला बाहेर नेऊन पाणी पाजावं लागलं. परत आला तो गंभीर होऊन. म्हणे, "म्हणजे माझा तीन किलो शंभरचा मासा साडेतीनचा होता? मी बायकोला तेव्हाच सांगितलं होतं." मग जो तो उठला. प्रत्येकाला आपला मासा आठवला. दोन तास सभा नुसती चारशे-चारशे मिळवत बसली. सत्तरीचे लोक, नवस फेडल्यासारखे चेहरे.

शिंपी मात्र चष्मा पुसत बसलेला. मला धाकधूक. शेवटी उठला. फळ्याकडे बघून म्हणाला, "तेरा वर्षं मी याच्याखाली बसून चहा पितोय. आता उठायचं का?" मी म्हटलं, "बस रे. मी तुझ्या शेजारी बसीन, आणि फळा काय, दोघांच्याही डोक्यावरच आहे." तो म्हणाला, "तसं नाही. मला एक सांग. तू मासा टांगलास, काटा नऊ ऐंशीवर, आणि सगळ्यांसमोर तू स्वतःच्याच तोंडाने चारशे कमी केलेस. मी असतो तर आधी निदान खोकलो असतो." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. मापाची पट्टी त्याच्या गळ्यात होती, ती माझ्या तोंडावर आली. बाकी तू समजून घे.

खोटं कशाला बोलू, आनंद झाला. आज दुकानात एका सायकलीला ब्रेक उलटे बसवले. पण तुला एक सांगतो. मासा अडीचशे ग्रॅमने हरला त्याचं दुःख आठवडाभर होतं. तू यायची बंद झालीस तेव्हा मी मामीला म्हटलं होतं, मोठी झाली, तिला आता आपल्या गप्पांचा कंटाळा येत असेल. ते सहा वर्षं होतं. कुठलं जड ते तुला काट्यावर टांगून बघता येणार नाही.

आणि हे शून्याचं. यंत्र आधी शून्यावर बघायचं हे मीच शिकवलं, पण हुकाला काय अडकलंय ते आधी बघ, हे शिकवलं नाही. अर्धं मी शिकवलं, अर्धं तू लिहिलंस. फिटलं.

ठराव असे झाले. एक, धरायला प्लास्टिकची पकड, तोलायला झोळी आणि आपला जुनाच काटा. तुझी शिफारस एकमताने. दोन, बुधवार खुला. तीन, नोंदवहीत सगळे मासे दुरुस्त करायचे आणि खाली जिने स्क्रू फिरवला तिची सही. बाकीच्या पानांच्या झेरॉक्स सोबत जोडल्यात. चार, हा शिंप्याचा ठराव, त्याच्याच शब्दांत: "नऊ चाळीस ती जेवढ्या मोठ्याने ओरडली होती, तेवढ्याच मोठ्याने नऊ ऐंशी ओरडायचं. त्याच पायरीवरून. मग मी फळा बदलू देईन."

रविवारी, १९ तारखेला, नव्या मोसमाचा पहिला गळ आहे. झोळी शिवून झालीय. मरून किनार लावलीय गाढवाने.

मामा

---

९ मार्च

मामा,

पत्र काल मिळालं. दोनदा वाचलं, एकदा दुपारी आणि एकदा बसमध्ये. साहेबांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, मोजमापाचं आहे.

१. रजा मंजूर झाली. शनिवारी, १८ तारखेला, सकाळच्या गाडीने येते. मंगळवारपर्यंत आहे. परत यायची गाडी अजून ठरवलेली नाही.

२. काटा मी सोबत आणते. पार्सलने पाठवत नाही. स्क्रू फिरवून हुक रिकामा असताना शून्यावर आणला आहे. तपासून पाहिला, बरोबर आहे. लोखंडी पकड वेगळ्या पिशवीत आहे. ती आता भिंतीवर लावा, काट्याला लावू नका. भिंतीवरचं "४०० वजा" मात्र आधी पुसून ठेवा.

३. नोंदवहीत तेरा वर्षांचे २१४ मासे आहेत. जुना आकडा खोडायचा नाही, शेजारी नवा लिहायचा. पोस्टमनकाकांचे आठ आहेत. त्यांना सांग, सगळे मिळून तीन किलो दोनशे वाढलेत, त्याहून जास्त नाही.

४. सही करीन.

५. ओरडण्याबद्दल. मी अकरा वर्षांची नाही. तरी ठराव झालेला आहे. एकदाच ओरडेन, त्याच पायरीवरून, पाण्याकडे तोंड करून. शिंपीकाकांना पलीकडच्या काठावर उभं करा. त्यांना ऐकू गेलं तर पुरेसं मोठ्याने झालं असं धरू. त्यांची किनार चालेल. टाके बाहेरून आहेत ना ते तेवढं बघून घे.

६. पहिला मासा कोणी तोलायचा ते ठरलेलं नसेल तर तू गळ टाक. स्पर्धेत. वजन करायला मी आहे.

७. जुळवलेल्या स्क्रूवर अजून ठिपका दिलेला नाही. तो या वेळी धक्क्यावर, सगळ्यांसमोर द्यायचा. मामीची बाटली मी वाळवली, त्यामुळे नवी मी आणते आहे. ठिपक्याला एक थेंब लागेल, बाकीची तिची. दुकानात मरूनच्या सहा छटा आहेत, त्यातल्या दोन जांभळाकडे झुकतात, एक जास्त, एक कमी.

मामीला विचारून नक्की कोणती ते बुधवारपर्यंत कळव.

तुझी इंचपट्टी